खेचर नको, दगडफूल हवं

दहा-बारा जण मिळून विज्ञानकथेचं एखादं सामाईक विश्व रचायला बसले, की थोड्याच दिवसांत त्यातलं कुणीतरी हमखास तक्ता काढतं. आडव्या ओळीत परग्रहांवरच्या सगळ्या जाती, उभ्या ओळीत पुन्हा त्याच, आणि मधल्या चौकोनांत त्यांचे संकर. पाण्यातली जात अधिक उडणारी जात, बरोबर पाण्यातून झेप घेणारी जात. लढवय्ये अधिक विचारवंत, बरोबर सेनापती. मूळ जाती दहा असतील तर जोड्या 45 होतात. बाप कोणता आणि आई कोणती हा भेद मानला तर 90. रिकामा चौकोन दिसला की तो भरावासा वाटतोच. बघता बघता विश्वाची लोकसंख्या वाढते, आणि त्या नव्वदांपैकी एकाही जातीबद्दल कुणाला धड गोष्ट सुचलेली नसते.

माझा विरोध या तक्त्याला आहे, संकराला नाही. दोन परक्या जीवजाती एकत्र येऊन तिसरंच काही घडावं, ही विज्ञानकथेतली फार चांगली जागा आहे. पण ते घडणं बेरीज म्हणून मांडलं की विज्ञान तर खोटं पडतंच, वर एक जुना, आपल्याला चांगलाच ओळखीचा हिशेबही त्या परग्रहावर जाऊन बसतो. त्याच्याकडे मी जरा सावकाश येतो.

अर्धा माणूस, अर्धा परका हा नमुना घराघरात पोचवला तो 1966 मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘स्टार ट्रेक’मधल्या स्पॉकने. आई पृथ्वीवरची, वडील व्हल्कन ग्रहावरचे. आईच्या रक्तात लोह, मुलाच्या रक्तात तांबं, म्हणून ते हिरवं. तांब्याचं रक्त ही थाप नाही. खेकडा, विंचू, माकूल यांच्या रक्तात प्राणवायू वाहण्याचं काम तांबंच करतं, फक्त ते रक्त निळं दिसतं. अडचण तांब्याची नाही, गर्भाची आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी यावर टोला हाणला होता की त्यापेक्षा माणूस आणि आर्टिचोक यांचा संकर जमण्याची शक्यता जास्त. ऐकायला ही चेष्टा वाटते, पण हिशेब बरोबर आहे. आर्टिचोक ही भाजी असली तरी आपली दूरची नातलग आहे. तिच्या पेशीत आणि आपल्या पेशीत डीएनए एकाच लिपीत लिहिलेला आहे, प्रथिनं त्याच वीस अमिनो आम्लांची बनतात. स्वतंत्रपणे उगवलेल्या दुसऱ्या जीवसृष्टीशी आपलं एवढंही नातं असायचं कारण नाही. ‘स्टार ट्रेक’च्या नंतरच्या लेखकांना हे बोचत असावं, कारण पुढच्या एका मालिकेतल्या 1993 च्या भागात त्यांनी खुलासा करून टाकला: फार प्राचीन काळी एका जातीने अनेक ग्रहांवर आपलं बीज पेरलं होतं, म्हणून सगळे एकमेकांसारखे.

ही पळवाट अगदीच पोरकट नाही. जीवसृष्टीचं बीज अवकाशातून आलं असावं, ही फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे या खगोलशास्त्रज्ञांची कल्पना जयंत नारळीकरांनी प्रयोगापर्यंत नेली. हैदराबादहून फुगे सोडून 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा करण्यात आली. 2005 च्या उड्डाणातल्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचं इस्रोने 2009 मध्ये जाहीर केलं. त्यातल्या एकीला हॉयल यांचं नाव आहे, जॅनिबॅक्टर हॉयली. ते जिवाणू पृथ्वीबाहेरचेच आहेत असा दावा मात्र इस्रोने केला नाही. कथाविश्वात हा धागा जरूर वापरावा. पण समान बीज मानलं तर समान रोगही मानावे लागतात. ज्या परग्रहवासीशी तुमचं लग्न लागू शकतं, त्याचा ताप तुम्हालाही येऊ शकतो. तक्ता काढणारे लग्न लावतात आणि ताप विसरतात.

शिवाय समान बीज असलं तरी नातं किती दूरचं चालतं, याला मर्यादा आहे. 2020 मध्ये हंगेरीतल्या संशोधकांच्या टाक्यांत रशियन स्टर्जन आणि अमेरिकन पॅडलफिश या माशांची संकरित पिल्लं जन्मली. संकर करणं हा त्यांचा हेतूच नव्हता. शंभराच्या वर पिल्लं जगली, आणि या दोन माशांचा समान पूर्वज 18 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीचा. जगभरचे जीवशास्त्रज्ञ चाट पडले. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. तेच आईबाप असूनही काही पिल्लं स्टर्जनकडे स्पष्ट झुकलेली होती आणि काही दोघांच्या मधली. एकाच चौकोनात दोन उत्तरं आली.

पृथ्वीवरचे साधे संकरही बेरजेचं ऐकत नाहीत. सिंह बाप आणि वाघीण आई असेल तर होणारा लायगर दोघांपेक्षा मोठा वाढतो. वाघ बाप आणि सिंहीण आई असेल तर तसं होत नाही. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराची 63. विषम आकड्याची जोडी लागत नाही, म्हणून खेचराला बहुधा पिल्लं होत नाहीत, आणि प्रत्येक नव्या खेचरासाठी पुन्हा घोडी आणि गाढव लागतं. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1922 मध्ये याहून बारीक नियम सांगितला. (हेच हाल्डेन 1957 मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.) संकराच्या पहिल्या पिढीत एक लिंग गायब, दुर्मीळ किंवा वांझ असेल, तर ते बहुधा ज्याची दोन लिंगसूत्रं वेगवेगळी असतात तेच लिंग असतं. सस्तन प्राण्यांत तो नर, पक्ष्यांत आणि फुलपाखरांत मादी. या एका वाक्यात किती गोष्टी दडल्या आहेत बघा. ज्या समाजात सगळे पुरुष वांझ असतात पण बायका वांझ नसतात, तिथे वारसाहक्क कसा चालेल? ज्या लोकांना पूर्वज आहेत पण वंशज नाहीत, त्यांचा इतिहास कोण लिहून ठेवेल, आणि कुणासाठी? तक्त्याच्या चौकोनात यातलं काहीच मावत नाही, तिथे फक्त ‘दोन्हींचे गुण’ असं लिहिलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या पिढीची आहे, आणि ती आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. ज्वारीचा पहिला संकरित वाण, सीएसएच-1, 1964 मध्ये आला. तेव्हापासून ज्वारी-बाजरी करणाऱ्या घरांत हे पक्कं ठाऊक आहे की संकरित बियाणं घरचं धरता येत नाही. पहिल्या वर्षी सगळं रान एका उंचीचं, कणसं एकदम भरलेली. त्यातलेच दाणे राखून पुढच्या हंगामात पेरले की रान विस्कटतं. एक ताट छातीएवढं, शेजारचं डोक्याच्या वर. एक कणीस घट्ट, एक मोकळं. अर्धं पीक कापणीला आलेलं आणि अर्धं अजून हिरवं. पहिल्या पिढीत एकत्र आलेले गुण दुसरीत पुन्हा वाटले जातात, दर दाण्यात वेगळ्या वाटणीने. कथाविश्वातले संकरित मात्र शंभराव्या पिढीतही पहिल्यासारखेच, सगळे एका उंचीचे आणि एका स्वभावाचे.

संकराची कायमची जात होतच नाही असं नाही. आपल्या देशी कापसाची गुणसूत्रं 26, अमेरिकन कापसाची 52, कारण अमेरिकन कापूस मुळात संकर आहे. सुमारे 10 ते 20 लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातल्या कापसाची एक नातलग जात समुद्रापार पोचली, तिकडच्या रानटी कापसाशी मिसळली, आणि गुणसूत्रं दुप्पट झाली. दुप्पट झाल्यामुळे प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि वंश टिकला. विदर्भात आज मैलोगणती दिसतो तो कापूस त्याच घराण्यातला. पण दुप्पट झाल्यावर मूळच्या दोन्ही घराण्यांशी त्याचं सहज जमेनासं झालं. स्वतंत्र जात होण्याची किंमत ती. परग्रहावरच्या संकराला ही किंमत मोजायला लावा. आजोळही तुटलेलं आणि वडिलांचं घरही, असे लोक एकदम लिहिण्याजोगे होतात.

आता तो जुना हिशेब. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात हाच तक्ता आहे. ब्राह्मण बाप आणि वैश्य आई यांचा अंबष्ठ, त्याने वैद्यकी करावी. क्षत्रिय बाप आणि ब्राह्मण आई यांचा सूत, त्याच्याकडे घोडे आणि रथ. वैश्य बाप, क्षत्रिय आई यांचा मागध, त्याने व्यापार करावा. शूद्र बाप आणि ब्राह्मण आई असेल तर चांडाळ, त्याने गावाबाहेर राहावं. मग या संकरांचे आणखी संकर, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाला धंदा. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये या उपपत्तीवर एक अख्खं कोडं खर्ची घातलं आहे, महाराष्ट्र शासनाने तो खंड 1987 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा एक मुद्दा इथे थेट लागू पडतो. यातली मागध, वैदेह, अंबष्ठ अशी कित्येक नावं मुळात स्वतंत्र जनसमूहांची आहेत. ज्यांना स्वतःचा प्रदेश आणि स्वतःचा इतिहास होता, त्या लोकांना मनूने कुणाच्या तरी बेरजेत बसवून टाकलं.

परग्रहवासीयांचा तक्ता काढणारा सतरा वर्षांचा मुलगा मनुवादी असतो असं माझं म्हणणं नाही. तो बहुतेक वेळा पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळांतून हे शिकलेला असतो. तिथे अर्ध्या जातीच्या पात्राला ताकदीचे दोन गुण जास्त आणि बुद्धीचा एक कमी मिळतो, आणि खेळ तेवढ्यापुरता बरा चालतो. पण रक्तावरून स्वभाव आणि स्वभावावरून धंदा ठरवणारी ही रीत जिथे अजून माणसांचे लग्नाचे आणि घर भाड्याने मिळण्याचे प्रश्न ठरवते, त्या समाजातल्या लेखकाने ती अंतराळात नेताना दोनदा विचार करायला हवा. ‘ती अर्धी अमक्या जातीची, म्हणून तापट’ हे वाक्य मराठीत लिहिलं की त्याला इंग्रजीपेक्षा वेगळा वास येतो. येऊ दे. तो वास ओळखता येणं हा आपल्या लेखकांचा फायदाच आहे.

सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत सापडलेल्या हाडाच्या एका तुकड्यावरून 2018 मध्ये कळलं की सुमारे 90,000 वर्षांपूर्वीची ती मुलगी संकरित होती: आई निअँडरथल, बाप डेनिसोवन, म्हणजे आज नामशेष झालेल्या दोन मानवजातींची. तिला कुठल्या टोळीने आपलं म्हटलं, ती कोणाची भाषा बोलायची, हे त्या हाडात नाही, आणि तिच्या आईबापांच्या जातींची नावं जोडून ते काढताही येत नाही. तिच्यासारख्यांची वेगळी जात झाली नाही. असे लोक दोन्हीकडच्या टोळ्यांत मिसळून गेले, आणि निअँडरथलांचा थोडासा वाटा आजही तुमच्या-माझ्या डीएनएत आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो: कल्पनेला कसले नियम? आपल्याकडे नरसिंह आहे, हयग्रीव आहे, किल्ल्यांच्या दरवाजांवर पंजात हत्ती पकडलेला शरभ आहे. त्यांची गुणसूत्रं कुणी मोजली? आक्षेप चांगला आहे, कारण उत्तर त्या उदाहरणांतच आहे. नरसिंह ही सिंह आणि माणूस यांची बेरीज नाहीच. हिरण्यकशिपूने वर मागताना माणूस नको, पशू नको, घर नको, बाहेर नको, दिवस नको, रात्र नको अशा अटी घातल्या. त्या सगळ्यांच्या फटीतून जाणारं रूप ते. गोष्टीला त्याची गरज होती, आणि गरज संपल्यावर ते रूप संपलं. दरवाजावरचा शरभ येणाऱ्याला दटावायला कोरलेला आहे. तो काय खातो, म्हातारा झाला की त्याला कोण सांभाळतं, हे विचारायचं कारण नाही. हे सगळे एकेकटे आहेत. जात म्हटली की पिल्लं आली, भूक आली, म्हातारपण आलं, आपसातली भांडणं आली. स्पॉक टिकला तोही एकटा होता म्हणून. त्याच्यासारख्यांचा एक अख्खा ग्रह असता तर त्याचं एकटेपण कुणाला जाणवलं असतं?

आणि सामाईक विश्वात नियम लागतात ते कल्पनेला आवर घालायला नव्हे, पुढच्या लेखकाला हातात काहीतरी असावं म्हणून. खो-कथा लिहिलेल्यांना हा त्रास माहीत आहे. पहिल्याने मारलेलं पात्र दुसरा जिवंत करतो, तिसरा त्याला स्वप्नात ढकलतो, चौथा कंटाळून लग्न लावून देतो. अमेरिकन विज्ञानकथाकार हार्लन एलिसन यांनी 1975 मध्ये ‘मेडिया’ (Medea) या काल्पनिक जगासाठी लेखक जमवले तेव्हा आधी हाल क्लेमंट, पोल अँडरसन, लॅरी निव्हन आणि फ्रेडरिक पोल यांनी त्या जगाचं खगोलशास्त्र, भूगोल आणि जीवसृष्टी बसवून दिली. गोष्टी मागून आल्या, आणि पुस्तक 1985 मध्ये निघालं. 2000 मध्ये सुरू झालेल्या ‘ओरायन्स आर्म’ या सामाईक विश्वाने तर माणसासारखे दिसणारे परग्रहवासी दारातच अडवले. दोन्हीकडे लेखकांचा तुटवडा पडला नाही.

मग परक्या जीवांचा संकर करायचा कसा? माझं उत्तर स्वयंपाकघरात आहे. गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूल हे फूल नाही आणि एक जीवही नाही. बुरशी आणि शैवाल यांचा तो संसार आहे. बुरशी घर बांधते आणि ओल धरते, शैवाल उन्हातून अन्न तयार करतं. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेन्डेनर यांनी 1867 मध्ये हे मांडलं तेव्हा त्यांची थट्टा झाली. 2016 मध्ये लक्षात आलं की कित्येक दगडफुलांत यीस्टच्या रूपाने तिसरा भागीदारही असतो. इतकी वर्षं तो सालीत बसून होता आणि कुणाला दिसला नव्हता. इथे गुणसूत्रं मिसळत नाहीत, नात्याची अट नाही. बुरशी ही शैवालापेक्षा आपल्याला जवळची आहे, तरी त्यांचं जमतं. दोन वेगवेगळ्या ग्रहांवरच्या जीवांत असं जमण्याची कल्पना ताणलेली आहे, पण खेचराच्या कल्पनेइतकी अशक्य नाही. देवाणघेवाण साध्या रसायनांची असेल तर लिपी एक नसली तरी चालेल.

यातली कथेच्या दृष्टीने खरी मौज पुनरुत्पादनात आहे. काही दगडफुलं दोन्ही भागीदारांची मिळून धूळ सोडतात. पण पुष्कळदा बुरशीचं बीज एकटंच उडतं, आणि जिथे पडेल तिथे त्याला शैवाल नव्याने शोधावं लागतं. नाही सापडलं तर ते मरतं.

हे घेऊन एक जात रचून बघू. तांबड्या खुज्या ताऱ्याजवळचा ग्रह, ज्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे. एकीकडे न संपणारी दुपार, दुसरीकडे न संपणारी रात्र, मध्ये संधिप्रकाशाचा पट्टा. रात्रीच्या बाजूला बिळं करून राहणारे बुद्धिमान जीव. त्यांना उजेडाचं अन्न पचत नाही. दुपारच्या बाजूला खडकांवर पसरलेली शेवाळी साय, तिला बुद्धी नाही पण उजेड साठवता येतो. पट्ट्यात दोघांची गाठ पडते. बिळवाल्यांची काही पोरं अंगावर साय चढवून घेतात आणि उजेडात जगू लागतात. त्यांची मुलं पुन्हा बोडकीच जन्मतात. प्रत्येकाला वयात येताना पट्ट्यात जाऊन आपली साय शोधावी लागते, आणि सायीच्या वाणावर ठरतं की ते कुठवर चालत जाऊ शकेल, काय खाऊ शकेल. आईची साय मुलाच्या अंगाला लागेलच असं नाही.

एवढं मांडून मी उठलो तरी चालतं. दुसरा लेखक सायीच्या वाणांचा बाजार लिहील. कुठलं घराणं कुठला वाण दडवून ठेवतं, त्यावरून होणारी मारामारी लिहील. तिसरीला अशी मुलगी दिसेल जिच्या अंगाला कुठलीच साय लागत नाही. चौथा म्हणेल, तिसरा भागीदारही आहे, तो अजून कुणाला दिसलेला नाही. इथे जन्मावरून धंदा ठरत नाही. ठरवायचा प्रयत्न मात्र कुणीतरी करणारच, आणि तोही लिहिता येईल.

राहिला प्रश्न मालकीचा, ज्यावर अशा विश्वांत खरी भांडणं होतात. बिळवाले माझे, साय तुमची, आणि संकर तिसऱ्याने लिहिला. परवानगी कुणाची? मला वाटतं, मूळ जाती रचणाऱ्यांना जीवशास्त्रापुरता नकाराधिकार असावा, गोष्टीपुरता नसावा. माझ्या बिळवाल्यांना हाडं नाहीत असं मी लिहून ठेवलं असेल, तर तुमच्या संकराला माझ्या बाजूने हाड मिळणार नाही. पण त्या संकराने माझ्या लोकांचा देव नाकारला, त्यांच्या राणीला खोटं ठरवलं, किंवा त्यांच्या बिळांत उजेड सोडला, तर मला तक्रार करायला जागा नाही. मूळ लेखक विश्व सोडून गेला असेल तर त्याच्या उत्तराची वाट बघत बसू नये. त्याने जे लिहून ठेवलं तेवढं पाळावं, त्याचं नाव वर ठेवावं, आणि जे त्याने लिहिलं नाही ते मोकळं समजावं. सायीच्या वाणांना चव असते का, हे मी वर लिहिलेलं नाही.